विश्लेषण : वादळाची खबर एका विमानातून दुसऱ्या विमानापर्यंत कशी पोहोचते?

दिल्लीहून श्रीनगरला निघालेले इंडिगोचे विमान २१ मे २०२५ रोजी पठाणकोटजवळ ३६ हजार फुटांवर गारपिटीत सापडले. एका क्षणी ते मिनिटाला ८,५०० फूट वेगाने खाली येत होते. विमानाच्या नाकाचे मोठे नुकसान झाले. विमानातील २२०हून अधिक जण सुखरूप उतरले. मात्र, धोकादायक हवामानाची माहिती आकाशात वेळेवर पोहोचते का आणि पोहोचली तरी तिचा उपयोग करता येतो का, हे प्रश्न त्यानंतर पुढे आले.

रडार असताना खबर कशाला?

हवाई वाहतूक नियंत्रकाच्या पडद्यावर सगळे दिसते, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात तो पडदा प्रामुख्याने विमानांची जागा आणि उंची दाखवण्यासाठी असतो. विमानाच्या नाकात हवामान रडार असते, पण ते पाण्याचे थेंब टिपते. कोरड्या गारा आणि बर्फाचे कण त्यावर फिके दिसतात. समोर मुसळधार पाऊस असेल, तर त्यामागचा ढग लपून राहू शकतो. निरभ्र आकाशातील हादरे तर या रडारवर दिसतच नाहीत. त्यामुळे पुढे काय आहे हे सर्वात नेमके सांगू शकते ते नुकतेच तिथून गेलेले विमान.

पिरेप आणि सिग्मेट म्हणजे काय?

वैमानिकाने दिलेल्या हवामानाच्या खबरीला ‘पिरेप’ म्हणतात. तीव्र हादरे, गारा, पंखांवर साचणारा बर्फ किंवा ज्वालामुखीची राख आढळली, तर ती खबर देणे आंतरराष्ट्रीय नियमांनुसार बंधनकारक आहे. नियंत्रकाने ती त्या मार्गावरील इतर विमानांना, शेजारच्या नियंत्रण कक्षांना आणि हवामान कार्यालयाला कळवायची असते. हवामान कार्यालय अशा खबरी, उपग्रह आणि रडार यांच्या आधारे ‘सिग्मेट’ हा अधिकृत इशारा काढते. वादळी ढगांसाठीचा हा इशारा जास्तीत जास्त चार तासांचा आणि विस्तीर्ण भागासाठी असतो. एखादा वादळी ढग मात्र अर्ध्या-पाऊण तासात उभा राहून विरूनही जाऊ शकतो. इशारा आणि ढग यांच्यातले हे अंतर वैमानिकाची ताजी खबरच भरून काढते.

साखळी कुठे तुटते?

४ एप्रिल १९७७ रोजी अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात सदर्न एअरवेजच्या डीसी-९ विमानाची दोन्ही इंजिने पाऊस आणि गारांमुळे बंद पडली. महामार्गावर उतरण्याच्या प्रयत्नात ते कोसळले आणि ७०हून अधिक बळी गेले. धोकादायक हवामानाची ताजी माहिती वैमानिकांना तत्काळ देण्यात नियंत्रण यंत्रणेला असलेल्या मर्यादा हे अपघाताला हातभार लावणारे एक कारण असल्याचे तपासात नमूद झाले. त्याला ४० वर्षे उलटल्यावर, २०१७ मध्ये, तेथील वाहतूक सुरक्षा मंडळाला पिरेप देणे आणि पुढे पोहोचवणे या विषयावर स्वतंत्र अहवाल काढावा लागला.

कारणे साधी आहेत. हवामान बिघडते तेव्हाच विमाने मार्ग बदलू लागतात, रेडिओवर गर्दी होते आणि नियंत्रकाची धावपळ वाढते. वैमानिक स्वतःच्या विमानात गुंतलेला असतो. शिवाय मोठ्या विमानाला ‘मध्यम’ वाटलेला हादरा छोट्या एटीआरला ‘तीव्र’ ठरू शकतो.

भारतातील वेगळी अडचण कोणती?

आपल्याकडे इशारे हवामान विभाग काढतो, नागरी नियंत्रण विमानतळ प्राधिकरणाकडे आहे, तर श्रीनगरसारखे तळ आणि सीमेलगतचे काही आकाश हवाई दलाकडे. म्हणजे एक खबर तीन यंत्रणांतून जाते. इंडिगोच्या घटनेत तर ढग वैमानिकांना दिसला होता. ‘डीजीसीए’च्या निवेदनानुसार त्यांनी सीमेच्या दिशेने वळण्याची परवानगी मागितली. हवाई दलाच्या नॉर्दर्न कंट्रोलने ती दिली नाही, लाहोरनेही नकार दिला. परत फिरण्याचाही प्रयत्न झाला, पण तोवर ढग अगदी जवळ आला होता. धोका कळला, तरी वळायला वाट उरली नव्हती.

मग उपाय काय?

माणसाच्या सवडीवर अवलंबून न राहता हादऱ्यांची नोंद विमानानेच आपोआप पाठवायची, ही एक दिशा. ‘आयाटा’चा ‘टर्ब्युलन्स अवेअर’ हा उपक्रम विमान कंपन्यांमध्ये अशी माहिती वाटतो. पण गारांसाठी वैमानिकाचा शब्द आजही लागतोच. ‘इथे आता हवा शांत आहे’ ही खबरही तितकीच कामाची, कारण मागच्या विमानाला त्यातून सुरक्षित वाट कळते. सीमेलगतच्या मार्गांवर मात्र खबरीसोबत पर्यायी वाटही आधीच ठरलेली हवी. वादळाच्या तोंडावर परवानगीची वाटाघाटी करायला वेळ नसतो. इशारा जितका लवकर मिळेल, तितकी वळायला जागा जास्त. दहा मिनिटे आधी मिळालेली खबर विमानाला सव्वाशे ते दीडशे किलोमीटरची मोकळीक देते.