तपासणी झाली, समजावणार कोण?

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झाले. शून्य ते ४० वयोगटातील सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत या आजाराचे निर्मूलन करायचे, अशी त्याची उद्दिष्टे. २०२५ च्या मध्यापर्यंत सहा कोटींहून अधिक लोकांची तपासणी झाली आणि दोन लाखांहून अधिक रुग्ण सापडले. सरकारी कार्यक्रमाच्या मानाने हा वेग चांगला म्हणायला हवा. पण सापडलेल्या रुग्णांत जी लहान मुले आहेत, त्यांचे भवितव्य आता प्रयोगशाळेच्या हातात राहिलेले नाही. त्यांच्या आईला कोणी काय सांगितले आणि तिला त्यातले काय समजले, यावर ते अवलंबून आहे.

सिकलसेल हा आनुवंशिक आजार आहे. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के असते. सदोष हिमोग्लोबिनमुळे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत असह्य कळा येतात. प्लीहा लहान वयातच निकामी होऊ लागल्याने साधा वाटणारा तापही काही तासांत जिवावर बेतू शकतो. उपचार आहेत : रोजचे फॉलिक ॲसिड, डॉक्टरांच्या सल्ल्याने हायड्रॉक्सियुरिया, पहिली पाच वर्षे पेनिसिलिन, लसी, भरपूर पाणी, थंडीपासून जपणूक आणि ताप येताच दवाखाना. यातील बहुतेक गोष्टी घरात, आईच्या हातून व्हायच्या असतात. म्हणजे या आजारात नीट समजावून सांगणे हा उपचाराचाच भाग आहे.

नेमकी इथेच अडचण आहे. महाराष्ट्रात हा आजार प्रामुख्याने विदर्भात आणि सातपुड्याच्या पट्ट्यात आढळतो. गडचिरोलीत माडिया आणि गोंडी बोलतात, त्या द्रविड कुळातील भाषा. मेळघाटातील कोरकू ही मुंडा कुळातील. तिचे मराठीशी नातेच नाही. नंदुरबारच्या डोंगरात पावरी आणि भिली. २०११ च्या जनगणनेनुसार देशात गोंडी बोलणारे २९ लाखांहून अधिक आणि कोरकू बोलणारे सात लाखांहून अधिक आहेत. तरीही यांपैकी एकही भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. जिल्हा रुग्णालयातील फलक, केसपेपर, औषधाच्या पाकिटावरच्या सूचना हे सारे मराठीत किंवा इंग्रजीत असते. ‘वाहक’ हा शब्द एसटीत रोज दिसतो. ‘तुमचे मूल वाहक आहे’ याचा अर्थ मात्र मराठी घरातही चटकन उमगत नाही. मग कोरकू आईने तो कसा समजून घ्यायचा?

प्रत्यक्षात मार्ग निघतो तो असा, की आश्रमशाळेत मराठी शिकलेले मूलच दुभाषी होते. दहा-बारा वर्षांच्या मुलीने आपला आजार जन्मभराचा आहे हे डॉक्टरांकडून ऐकायचे आणि तेच आईला आपल्या भाषेत सांगायचे. त्यात किती गळते, किती घाबरून दडवले जाते, याची नोंद कुठल्याही केसपेपरवर नसते. अमेरिकेत केंद्रीय निधी घेणाऱ्या रुग्णालयांवर दुभाषी पुरवण्याचे कायदेशीर बंधन आहे आणि आणीबाणीचे अपवाद वगळता अल्पवयीन मुलांकडून दुभाष्याचे काम करून घेण्यास मनाई आहे. आपल्याकडे असा विचार धोरणात अजून रुजलेला नाही.

भाषेइतकाच प्रश्न रीतीभातींचा आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने रुग्णालय उभारताना आदिवासींनाच विचारले. मोठ्या इमारतीची भीती वाटते, नातेवाइकांना रुग्णाजवळ राहू देत नाहीत, पांढरे कपडे तर आम्ही मृतदेहावर घालतो, असे लोकांनी सांगितले. त्यानुसार रुग्णालय झोपड्यांच्या वस्तीसारखे बांधले गेले आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले. उपचारांचे शास्त्र तेच राहिले. रुग्णाला आत पाऊल टाकणे सोपे झाले.

नीट समजावल्याने जीव वाचतात, याचा पुरावाही जुना आहे. सिकलसेलमध्ये कधी कधी प्लीहेत अचानक रक्त साठते आणि मूल काही तासांत दगावू शकते. जमैकात डॉक्टरांनी आयांना बाळाच्या पोटावर हात ठेवून वाढलेली प्लीहा ओळखायला शिकवले. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मुले वेळेत रुग्णालयात पोहोचू लागली आणि या कारणाने होणारे मृत्यू लक्षणीय घटले. त्यासाठी महागडे यंत्र लागले नाही. आईला समजेल अशा शब्दांत शिकवणारे माणूस लागले.

ही माणसे आपल्याकडे आहेत. गावची आशा सेविका तीच भाषा बोलते. पण तिची साथ बहुतेकदा प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंतच. पुढे जिल्हा रुग्णालयात किंवा नागपूरला पाठवलेले कुटुंब एकटे पडते. आदिवासी जिल्ह्यांतील मोठ्या रुग्णालयांत स्थानिक भाषा जाणणारे, मानधनावरचे प्रशिक्षित दुभाषी नेमणे अवघड नाही. वाचता न येणाऱ्यांसाठी माडिया, कोरकू, पावरीत ध्वनिमुद्रित सूचना मोबाइलवर देता येतील. ‘समजले का?’ या प्रश्नाला मान डोलावली जाते. त्याऐवजी ‘घरी गेल्यावर काय कराल, ते सांगा’ असे विचारले, की काय कळले नाही ते लगेच दिसते. मेळघाटात भूमकाचा सल्ला घेणारे कुटुंब दवाखान्याचे शत्रू नसते. ताप आला तर आधी दवाखाना, एवढे भूमकालाही पटवता आले तर निम्मे काम होईल. आश्रमशाळांच्या अधीक्षकांनाही हे शिकवायला हवे, कारण तिथे सांधे दुखतात म्हणून झोपून राहिलेले मूल सहज कामचुकार ठरते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेलला दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत स्थान दिले. कागदावर हक्क मिळाला. तो वापरायचा तर आधी कळायला हवा. अभियानाचे यश सध्या तपासणीच्या आकड्यांत मोजले जाते. त्यात आणखी एक रकाना वाढवण्याची गरज आहे : मुलाला ताप आला तर काय करायचे, हे किती आयांना स्वतःच्या भाषेत सांगता येते?