तबकांतील वनश्री

चीन देशांत उथळ कुंडींत वृक्ष लहान ठेवून वाढविण्याच्या कलेस ‘पेन्जिंग’ म्हणतात. इ. स. ७०६ मध्यें बांधलेल्या राजपुत्र ली श्येनच्या थडग्यांतील भित्तिचित्रांत छोटे खडक व रोपें मांडलेलें तबक घेतलेला सेवक दिसतो.

झाडास उपाशी ठेवून खुजें करतात, हा समज खरा नव्हे. त्याचेंच बीं जमिनींत पेरल्यास पूर्ण उंचीचा वृक्ष होतो. मुळें व फांद्या बेतानें छाटून दोहोंचा तोल राखणें, हेंच यांतील मर्म होय. क्वांगतुंग प्रांतांत फांदी छाटावयाची, नवा फुटवा जाड होईपर्यंत थांबावयाचें आणि पुन्हा छाटावयाचें, असा क्रम वर्षानुवर्षें चालतो. उन्हाळ्यांत चार दिवस पाणी चुकलें कीं शंभर वर्षें जपलेला वृक्षही वाळतो. एका पिढीची हयगय मागील पिढ्यांचे श्रम बुडविते.