निळा पासपोर्ट आणि स्वयंपाकीणबाईंचा पगार

मंडळी, आमच्या गावाचं नावच मुळी शुगर लँड! इथली साखरेची रिफायनरी २००३ साली बंद पडली, नाव मात्र गोड राहिलं. ही गोडी कुणाच्या घामाची, ते २०१८ साली दिसलं. शाळेचं बांधकाम चालू असताना ९५ कबरी सापडल्या. उसाच्या मळ्यांवर राबायला भाड्यानं दिलेले कृष्णवर्णीय कैदी होते ते.

हे वाचताना आम्हांला आपला बीड जिल्हा आठवला. तिथे दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक ‘कोयता’, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊसतोडीला निघते. मुलं बरोबर गेली की त्यांची पाच-सहा महिने शाळा बुडते. अशा मुलांना गावातच ठेवून घेणारी एक संस्था आमच्या माहितीची आहे. दोन खोल्या, एक गुरुजी, एक स्वयंपाकीणबाई, बस्स!

आम्ही मोठ्या उत्साहानं फोन केला, “गुरुजी, पैसे पाठवतोय.” ते म्हणाले, “साहेब, आम्हाला परदेशी देणगी घ्यायची परवानगी नाही हो!”

चौकशी केली. २०२० च्या नियमांप्रमाणे या परवानगीसाठी संस्थेनं तीन वर्षांत निदान १५ लाख रुपये खर्च केलेले हवेत. दोन खोल्यांच्या संस्थेनं ते आणायचे कुठून? पूर्वी परवानगी असलेली मोठी संस्था, सरकारला विचारून, छोटीला वाटा देऊ शकायची. २०२० च्या दुरुस्तीनं तेही दार बंद केलं.

आमचा पासपोर्ट निळा. ओसीआय कार्ड असलं तरी कायद्यानं आमचा पैसा परदेशीच! आमच्या सौ.नं मात्र भारतीय पासपोर्ट अजून सोडलेला नाही. भारतीय नागरिकानं स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परदेशी देणगी धरत नाहीत. तेव्हा पैसे तिच्या पगारातून गेले, सोबत पासपोर्टची झेरॉक्स. “बघा, कुणाचा पासपोर्ट कामाला आला!” हे ऐकून घ्यावं लागलं, ते वेगळं. इथल्या करात सूट नाही, तेही मान्य. आमचे पैसे तिच्या नावानं ढकलणं लबाडीचं झालं असतं. ते आम्ही परवानगी असलेल्या दुसऱ्या संस्थेला दिले.

गुरुजींना विचारलं, “कॉम्प्युटर पाठवू का? की एखादी खोली बांधायची?” ते म्हणाले, “खोलीचं नंतर बघू. बाईंचा सहा महिन्यांचा पगार दर दसऱ्याला आला तर बरं. बाई गेल्या की चूल बंद, आणि चूल बंद झाली की पोरं फडावर.”

देणगी म्हटली की आपल्याला नावाची पाटी दिसते. पगाराला पाटी कोण लावणार? पण छोट्या संस्था मोडतात त्या याच खर्चापायी.

तेव्हा मंडळी, दसऱ्याच्या आत कपाटातले पासपोर्ट जरा काढून बघा. घरात एखादा भारतीय पासपोर्ट अजून असेल, तर आपल्या तालुक्यातल्या गुरुजींना एक फोन करा. आणि पैसे एकदाच देऊन थांबू नका, दर वर्षी द्या.