माळ्यावरचे घबाड

दिवाळीची झाडलोट निघाली की हल्ली घरोघर एक नवाच वाद पेटतो. तांब्यापितळेची फुटकी भांडी मोडीत घालायला कोणाची हरकत नसते, परंतु माळ्यावर चादरीखाली झाकलेल्या जुन्या संगणकाला हात लागला, की यजमान गरजतात, "राहू द्या तो! पुढेमागे त्याला मोल येईल!"

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात हा युक्तिवाद विशेष जोरात चालतो. खामगावच्या चांदीच्या पेठेचा लौकिक दूरवर पसरलेला. तिच्या सावलीत वाढलेल्या माणसाला जुनी वस्तू म्हणजे ठेव वाटली, तर नवल नाही. आजीच्या तोड्यावाळ्यांना आजही वजनावर भाव मिळतो. परंतु महाशय, चांदी आटवली तरी चांदीच उरते. संगणक आटवून काय उरणार?

"त्यात सोने असते," हे उत्तर ठरलेले! असते, खरे आहे. टनभर मदरबोर्डांतून निघणारे सोने टनभर खनिजातल्या सोन्याहून कितीतरी अधिक भरते. पण टनभर! तुमच्या माळ्यावर आहे एक. ते गुंजभर सोने सोडवायला तेजाब लागते, आणि उघड्यावर तारा जाळणारी गरीब पोरे त्याची किंमत छातीने मोजतात. जुन्या पडद्याच्या काचेत शिसे असते, ते निराळेच. २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी हे काम नोंदणीकृत कारखान्यांकडे सोपवले आहे, ते उगाच नव्हे.

मग कोणीतरी अमेरिकेचा दाखला देतो. १९७६ साली ६६६.६६ डॉलरला विकलेल्या ॲपल-१ यंत्रांपैकी एक २०१४ साली न्यूयॉर्कच्या लिलावात ९,०५,००० डॉलरला गेले! गेले खरे, पण तसली यंत्रे बनलीच होती दोनशेच्या आसपास, आणि ती एका युगाची पहिली पावले होती. आपल्याकडे तो मान १९९१ च्या 'परम ८०००' ला आहे. अमेरिकेने हवा तेवढा शक्तिमान महासंगणक नाकारल्यावर शेजारच्या अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याच्या विजय भटकरांनी पुण्यात तो उभा करून दाखवला. त्याचा एकेक सुटा भाग जपावा, तो संग्रहालयात. लाखोंनी खपलेला तुमचा पेंटियम त्या पंगतीला कसा बसणार?

बरे, ठेवला म्हणून तो तसाच राहतो काय? काळवंडलेली चांदी घासली की उजळते. इथे आतली बॅटरी पाझरून तांब्याच्या रेषा खाते, कपॅसिटर फुगतात. आज जे यंत्र हलकीशी लिनक्स घालून एखाद्या मुलीला टंकलेखन शिकवू शकते, ते पाच वर्षांनी चालू होईल याची खात्री नाही. कंजुषीने राखलेली वस्तू अशी वाया जाते, याचाच मला खरा राग आहे.

एक गोष्ट मात्र माझ्या विरोधकांना मोकळ्या मनाने देतो. त्या खोक्यात कधीकधी खरेच घबाड असते! युनिकोड रुळण्यापूर्वीच्या मराठी फाँटांत टंकलेली आजोबांची आत्मकथा, वाटणीचे कागद, लग्नाची छायाचित्रे. ते फाँट नसले तर आजच्या यंत्रावर त्या मजकुराची निव्वळ रोमन चिन्हे दिसतात. तेव्हा यंत्र चालते आहे तोवर फाँटांसकट सारे उतरवून घ्या, मजकूर युनिकोडमध्ये पालटून एखाद्या जाणत्याकडून तपासून घ्या, आणि हार्ड डिस्क काढून ठेवून खोके याच आठवड्यात कोणाला तरी द्या.