पाहुण्याच्या यादीत सहरीही असावी

पुण्यात चार दिवसांसाठी घर भाड्याने घेणारे सगळेच सहलीला आलेले नसतात. कुणाचा नातेवाईक ससून किंवा रुबी हॉलमध्ये दाखल असतो, कुणी मुलाच्या परीक्षेसाठी येतं, कुणी लग्नकार्याला. किल्ली देताना घरमालक वाय-फायचा पासवर्ड सांगतो, कचरा कुठे टाकायचा ते सांगतो आणि ‘जवळपास काय मिळेल’ याची यादीही देतो. मिसळीचं ठिकाण, सुपरमार्केट, घरपोच जेवणाचं अ‍ॅप. अकरा महिने ही यादी पुरते, रमजानमध्ये ती तोकडी पडते.

रोजेदार पाहुण्याला वेगळं फार काही लागत नाही; अडचण असते ती वेळेची. सहरी उजाडण्याआधी उरकावी लागते आणि त्या वेळी कोपऱ्यावरचं दुकान उघडं नसतं. दूध, अंडी, पाव, केळी, दही आदल्या रात्रीच घरात हवं. दुपारी पिशवी घेऊन निघावं, तर पुण्याची वामकुक्षी आडवी येते. एक ते चार दुकान बंद, यावर पुणेकर स्वतःच विनोद करतात. पण उपाशीपोटी उन्हातून रिकाम्या हाताने परतणाऱ्या परगावच्या माणसाला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. एका ओळीची सूचना त्याची ही पायपीट वाचवू शकते.

शहरात सोय नाही असं मुळीच नाही. कॅम्पात शिवाजी मार्केट आहे, शुक्रवार पेठेत १८८६ पासूनची मंडई आहे. संध्याकाळी बाबाजान दर्ग्याच्या आसपास, गंज पेठेतल्या मोमीनपुऱ्यात आणि कोंढव्याच्या कौसरबागेत खजूर, समोसे, फळांची चाट, कबाब, मालपुवे मांडलेले असतात. तिथे खाणाऱ्यांत रोजेदार नसलेलेही भरपूर असतात. चाटमधलं कलिंगड आणि पपई शेतकऱ्याच्या मळ्यातून गुलटेकडीच्या मार्केट यार्डमार्गे येते. बाजार असा सगळ्यांचा आहे. मग घरमालकांच्या याद्यांत या मोहल्ल्यांची नावं क्वचितच का दिसतात? द्वेष हे त्याचं कारण क्वचितच असतं. बहुतेकदा यादी करणारा तिकडे कधी गेलेलाच नसतो. पण परिणाम तोच होतो: पाहुण्याच्या नकाशातून शहराचा एक भाग गळतो आणि गाडीवाल्याचं गिऱ्हाईकही.

‘घरात मांसाहार चालणार नाही’ ही अट अनेक ठिकाणी असते. आपलं स्वयंपाकघर शाकाहारी ठेवण्याचा हक्क मालकाला आहे आणि समजूतदार पाहुणा तो पाळतोच. सहरी डाळभात, दूध-शेवयांवरही होते. मात्र अट पैसे घेण्याआधी सांगावी, दारात उभं असताना नव्हे. आणि शाकाहाराची अट हे नाव पाहून घर नाकारण्याचं सभ्य निमित्त होऊ नये. असं घडतं, हे घर शोधत फिरलेल्या कुणालाही विचारावं.

पाहुण्याकडूनही काही अपेक्षा रास्त आहेत. पहाटे साडेचारला भांड्यांचा आवाज बेताचा ठेवावा, शेजाऱ्यांची झोपमोड होऊ नये, आपण किती वाजता उठणार हे मालकाला आधी सांगावं, घर सोडताना शेगडी पुसून ठेवावी. मेहमाननवाजी दोन्ही बाजूंनी चालते.

यादीत भर घालायची ती एवढीच: रात्री उशिरापर्यंत उघडं असणारं किराणा दुकान, दूध किती वाजता येतं, दुपारी काय बंद असतं, जवळची मशीद, इफ्तारचा बाजार आणि पहाटे गॅस वापरायची मोकळीक. रुग्णालयात रात्र काढून परतलेल्या कुणाही माणसाला, तो रोजेदार असो वा नसो, यातलं निम्मं तरी उपयोगी पडेल.