तांबडं फुटल्याशिवाय अंडं नाही

दिवाळी होऊन महिना उलटला की आमच्या शिवाजी पेठेत एक तक्रार हमखास कानावर येते : कोंबड्यांनी अंडी बंद केली. परसात कोंबड्या असलेली घरं आता बोटांवर मोजण्याइतकी, पण मत अख्ख्या गल्लीला असतं. आमच्या आत्तीचा निकाल ठरलेला. "थंडी लागलीया त्यास्नी. बाजरी चार, खुराड्यावर पोतं टाक. अंगात ऊब आली की घालतील." उभा मारुती चौकातला कट्टा अधिक कठोर : कोंबडी थकली, तांबडा-पांढरा करून मोकळं व्हा.

आत्तीचा पक्ष आधी घेतो, कारण तो डोळ्यांना पटतो. थंडी पडते, अंडी थांबतात. पण कोल्हापूरची थंडी ती केवढी? पहाटे पारा १४-१५ अंशांवर येतो आणि दुपारी स्वेटर काखेत जातो. कोंबडीच्या अंगात मुळातच ४१ अंशांची भट्टी, वर पिसांची रजई. तिचे हाल होतात ते एप्रिल-मेमध्ये, चोच वासून धापा टाकते तेव्हा. शिवाय अंड्यांच्या पोल्ट्रीफार्मच्या शेडला भिंतीऐवजी जाळी असते. गार वारा तिथंही शिरतो. तरी ऐन थंडीत किराणा दुकानात ३०-३० अंड्यांचे ट्रे येतच राहतात. फार्मवाला मोठ्या कोंबड्यांसाठी शेगडी पेटवत नाही, बल्ब लावतो. दिवसाचा आणि बल्बचा मिळून १४ ते १६ तास उजेड देतो, एवढंच.

दोष उजेडाचा आहे. तो कोंबडीला नुसता डोळ्यांतून नव्हे, कवटीतूनही मेंदूपर्यंत पोचतो. १९३०च्या दशकात जाक बेन्वा या फ्रेंच शास्त्रज्ञानं दाखवून दिलं की डोळे निकामी केलेल्या बदकांच्या प्रजननग्रंथीही उजेडानं जाग्या होतात. दिवस लांबला की मेंदूतून अंडाशयाला निरोप जातो, आखडला की निरोप थांबतो. कवटीतून सर्वांत सहज आरपार जातो तो तांबडा प्रकाश. कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही, हे खरंच. पण झाकलेल्या कोंबडीला ते कळणार कसं?

इथं एक शिकलेला आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. हे विलायती शास्त्र म्हणे. लंडनचा डिसेंबरातला दिवस आठ तासांचाही भरत नाही. आपला सर्वांत लहान दिवस अकरा तासांच्या वर आणि मोठा तेरा तासांच्या जरा पुढं. दोन तासांच्या फरकानं काय होतंय? मान्य. गावठी कोंबडी उजेडाला फार्मवालीइतकी हळवी नाही, हेही मान्य. म्हणूनच मी एकदा घड्याळ लावून बसलो. खुराडं जिन्याखाली. कुत्र्यांच्या भीतीनं आणि नळाच्या पाण्याच्या गडबडीत ते उघडायचं आठला. संध्याकाळी साडेपाचला फळी आडवी. म्हणजे साडेनऊ तास! त्यातही शेजारच्या तीन मजल्यांची सावली. सूर्यानं दोन तास कापले होते, वरचे दीड आम्ही कापले. आणि आत्तीचं पोतं टाकलं की राहिलेली फटही बुजायची.

आता कट्ट्याचा पक्ष. थकलेली म्हणून ज्या कोंबडीवर सुरी फिरणार होती, ती मी उचलून पाहिली. मान उघडी पडलेली, शेपटी झडलेली. कातडीतून निळसर नळ्या वर आल्या होत्या, बोट लागलं की ती अंग चोरायची. त्या नळ्यांत रक्त खेळत असतं. तीच पुढं पिसं होतात. मागची दोन हाडं चाचपली. अंड्यावरच्या कोंबडीला तिथं दोन-तीन बोटं बसतात, हिला एक जेमतेम. ही म्हातारी नव्हती, पिसं बदलत होती. पीस म्हणजे जवळजवळ निखळ प्रथिन, आणि एका अंड्यातही सहाएक ग्रॅम जातं. दोन्ही कामं एकदम कशी निभणार? माणसं मार्गशीर्षातले गुरुवार पाळतात, कोंबडीनं पाळले तर रस्सा!

बाकी, प्रत्येक बंद अंड्याला उजेड जबाबदार धरायचं कारण नाही. खुडूक बसलेली कोंबडी कुठल्याही ऋतूत थांबते. आमच्या एकीनं तर जळणाच्या ढिगामागं अकरा अंडी लपवली होती. आम्ही तिच्या नावानं महिनाभर शिमगा करत होतो.

मग बल्ब लावावा का? फार्मवाल्यानं जरूर लावावा, त्याला दीडेक वर्षांत हिशेब पुरा करायचा असतो. चार कोंबड्यांच्या घरानं लावू नये, असं माझं मत. आम्ही खुराडं जिन्याखालून काढून पूर्वेच्या भिंतीला नेलं, पुढं बारीक जाळी ठोकली, म्हणजे कुत्र्यांची भीती गेली आणि दार उघडायच्या आधीच उजेड आत यायला लागला. बाजरी चालू ठेवली, तिच्याशी माझं वैर नाही. पण तिच्यासोबत शेंगदाण्याची पेंड, मूठभर सुकट, कवचासाठी शिंपल्यांचा चुरा.

भोगीला आत्तीनं बाजरीची भाकरी कुस्करून घातली. तोवर दिवस लांबायला लागून तीन आठवडे झाले होते. रथसप्तमीच्या सुमारास तुरा लाल झाला आणि जिन्याजवळ पहिलं अंडं सापडलं. आत्तीनं ते पदरानं पुसलं, माझ्यापुढं धरलं.

"बघ, बाजरी लागू पडली."