नऊशे डॉलरांचे संग्रहालय



दसऱ्याला आपण दारावर ज्या झेंडूचे तोरण बांधतो, तो झेंडू मूळचा मेक्सिकोचा. युरोपीय दर्यावर्द्यांच्या गलबतांतून तो आपल्याकडे आला आणि असा रुळला की त्याच्याशिवाय दसरा सुना वाटतो. मायदेशी मात्र तो पितरांचा. १ आणि २ नोव्हेंबरला घरातल्या गेलेल्या माणसांच्या तसबिरीपुढे त्यांच्या आवडीचे खाणेपिणे मांडायचे आणि झेंडूच्या पाकळ्या पसरून त्यांना घरची वाट दाखवायची, हा तिथला प्रघात. ज्यांनी लहानपणी सर्वपित्रीला पान वाढलेले पाहिले आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. शिकागोच्या पिल्सन भागात, हॅरिसन पार्कमधल्या नॅशनल म्युझियम ऑफ मेक्सिकन आर्टमध्ये १९८७ पासून दर वर्षी या सणाचे मोठे प्रदर्शन भरते. प्रवेश विनामूल्य, वर्षाचे बाराही महिने. आपल्या मराठी मंडळाच्या सभासदांपैकी बहुतेकांनी पाहुण्यांना आर्ट इन्स्टिट्यूट दाखवले आहे, शेडचे मत्स्यालय दाखवले आहे. पिल्सनला मात्र फार थोडे गेले आहेत. मंडळ पुढच्या वर्षाचे कार्यक्रम आखत असताना मला या संग्रहालयाविषयी आणि ते उभे करणाऱ्यांविषयी लिहावेसे वाटते, कारण त्यांनी जे केले ते आपण अजून करून पाहिलेले नाही.

पिल्सन हे नाव चेक लोकांनी दिलेले, त्यांच्या मागे राहिलेल्या गावाचे. १९६० च्या दशकात शहराने इलिनॉय विद्यापीठाच्या नव्या संकुलासाठी जवळच्या निअर वेस्ट साइडची वस्ती उठवली. तिथली अनेक मेक्सिकन कुटुंबे दक्षिणेला सरकून पिल्सनमध्ये आली आणि बघता बघता अठराव्या रस्त्याचे रूप बदलले. भिंतींवर चित्रे आली, बेकऱ्यांच्या पाट्या स्पॅनिश झाल्या. शाळांतून मेक्सिकन मुले वाढली, पण त्यांच्या पाठ्यपुस्तकांत मेक्सिको जवळजवळ नव्हता. ही उणीव ज्यांना रोज दिसत होती ते शिक्षक होते. १९८२ मध्ये कार्लोस तोर्तोलेरो या सार्वजनिक शाळेतल्या शिक्षकाने आपल्या काही सहकाऱ्यांना एकत्र केले. त्यांच्या हाती ९०० डॉलर होते. कुणी कलेचा व्यापारी नव्हता, कुणी संग्राहक नव्हता. संग्रहालय वस्तीतच हवे, आजीला नातवाचे बोट धरून चालत जाता आले पाहिजे आणि दारात तिकीट असता कामा नये, या गोष्टींवर त्यांनी कधी तडजोड केली नाही.

पाच वर्षांनी, २७ मार्च १९८७ रोजी, हॅरिसन पार्कमधल्या एका जुन्या शेडमध्ये संग्रहालय उघडले. पूर्वी त्या शेडमध्ये बोटींची कामे चालत. तेव्हाचे नाव मेक्सिकन फाइन आर्ट्स सेंटर म्युझियम. आजचे नाव २००६ मध्ये पडले. मधल्या काळात इमारत वाढली, संग्रह हजारो वस्तूंचा झाला, किशोरांसाठी योलोकाली नावाचा स्वतंत्र उपक्रम सुरू झाला. २०२१ मध्ये दानशूर मॅकेन्झी स्कॉट यांनी या संस्थेला ८० लाख डॉलर दिले तेव्हा त्याची मोठी बातमी झाली. आधीच्या जवळजवळ चाळीस वर्षांच्या पायपिटीची बातमी झाली नव्हती.

त्या पायपिटीतला एक भाग आपण नीट समजून घ्यावा असा आहे. शहराची उद्याने सांभाळणाऱ्या शिकागो पार्क डिस्ट्रिक्टच्या जमिनीवर उभ्या असलेल्या संग्रहालयांना मालमत्ता कराच्या उत्पन्नातून दर वर्षी मदत मिळते. फील्ड म्युझियम, शेड मत्स्यालय, आर्ट इन्स्टिट्यूट यांना ती पिढ्यान्‌पिढ्या मिळत आली आहे. हा कर पिल्सनमधले घरमालक भरतात, आणि भाडेकरू भाड्यातून भरतात. म्हणजे ज्या घरांतून आठवडाभर दोन-दोन पाळ्या करणारी माणसे निघत, त्या घरांचा पैसाही सरोवराकाठच्या संगमरवरी इमारतींकडे जात होता. तोर्तोलेरो आणि मंडळींनी उद्यानातली जागा मागितली तेव्हा त्यांनी या मदतीच्या रांगेतली जागाही मागितली. त्यांनी ती हक्क म्हणून मागितली आणि मिळवली. आज संग्रहालयाचे दार विनामूल्य उघडे आहे, त्यामागे देणगीदारांबरोबर हा सार्वजनिक पैसाही आहे. इंग्रजीत ज्याला अ‍ॅडव्होकसी म्हणतात ते काम मला इथे सर्वांत स्पष्ट दिसते: महापालिकेत, पार्क डिस्ट्रिक्टमध्ये, राज्याच्या विधिमंडळात जाऊन वर्षानुवर्षे चिकाटीने केलेला पाठपुरावा.

अशी माणसे टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोतही आहेत. तिथले ग्वादालुपे कल्चरल आर्ट्स सेंटर १९८० मध्ये सुरू झाले. त्या केंद्राने १९८२ मध्ये तेहानो कोन्हुंतो महोत्सव सुरू केला. अ‍ॅकॉर्डियन आणि बाहो सेक्स्तो या वाद्यांवरचे हे संगीत शेतमजुरांचे, दारूच्या गुत्त्यांतले, म्हणून कित्येक शिकल्यासवरल्या मेक्सिकन घरांतही त्याला नाके मुरडली जात. ग्वादालुपेने त्याला मंच दिला, मानधन दिले, म्हाताऱ्या वादकांना गुरू म्हणून बसवून मुलांचे वर्ग चालवले. याच शहरात १९८९ मध्ये नॅशनल असोसिएशन ऑफ लॅटिनो आर्ट्स अँड कल्चर्स ही देशव्यापी संस्था उभी राहिली. नालाक हे तिचे रोजच्या बोलण्यातले नाव. नालाक स्वतः नाटके बसवत नाही, चित्रे टांगत नाही. जी छोटी नाट्यगृहे, नृत्यमंडळे, छापखाने आणि एकटेदुकटे कलावंत हे करतात, त्यांच्यामागे ती उभी राहते. २००५ पासून ती कलावंतांना आणि छोट्या संस्थांना थेट अनुदाने देते. संस्था चालवणाऱ्यांना हिशेब, कायदा, निधी उभारणी शिकवते आणि त्यांना वॉशिंग्टनला नेऊन लोकप्रतिनिधींसमोर बसवते. २०२० च्या जनगणनेत लॅटिनो लोकसंख्या ६ कोटी २० लाखांवर, देशाच्या जवळजवळ एकोणीस टक्के भरली. मोठ्या प्रतिष्ठानांच्या देणग्यांत या समाजाच्या संस्थांचा वाटा दोन टक्क्यांपर्यंतही पोचत नाही. ही दरी ज्यांनी आकड्यांनिशी दाखवत ठेवली, त्यांत नालाकसारख्या संस्था पुढे आहेत.

सॅन अँटोनियोची आणखी एक हकीकत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. एस्पेरांझा पीस अँड जस्टिस सेंटर या संस्थेला शहराकडून कलेसाठी अनुदान मिळत असे. संस्था समलिंगी चित्रपट महोत्सवालाही जागा देई. त्यावरून रेडिओवर, पत्रकांतून काहूर उठले आणि १९९७ मध्ये नगरपरिषदेने तिचे अनुदान पूर्ण काढून घेतले. रक्कम फार मोठी नव्हती. गप्प बसून दुसरीकडून पैसे जमवता आले असते. एस्पेरांझाने दोन सहकारी गटांसह संघराज्य न्यायालयात दावा लावला. २००१ मध्ये न्यायाधीश ऑर्लांडो गार्सिया यांनी निकाल दिला: शहराने मते पाहून अनुदान कापले, हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग आहे, आणि नगरसेवकांनी जाहीर सभेआधी आपापसांत निर्णय ठरवून टाकला, हा राज्याच्या खुल्या सभांच्या कायद्याचा भंग आहे. पुढे शहराला पाच लाख डॉलरांहून अधिक रक्कम द्यावी लागली. अनुदान द्यायचे की नाही हे सरकार ठरवू शकते. पण एकदा सर्वांसाठी दार उघडल्यावर नावडत्या विचारांच्या माणसाला उंबऱ्यावर अडवता येत नाही. हा निकाल ज्या ज्या अल्पसंख्य समाजाची संस्था सार्वजनिक पैशाला अर्ज करते, त्या सर्वांच्या कामाचा आहे. आपल्याही.

राष्ट्रीय पातळीवरचा पाठपुरावा याहून लांबलचक. राष्ट्रीय संग्रहालये चालवणाऱ्या स्मिथसोनियनने नेमलेल्या एका गटानेच १९९४ मध्ये अहवाल दिला की या संस्थेने लॅटिनो समाजाकडे जाणूनबुजून दुर्लक्ष केले आहे. स्वतंत्र लॅटिनो संग्रहालयाचा कायदा अमेरिकी संसदेत संमत व्हायला डिसेंबर २०२० उजाडले. २०२२ मध्ये स्मिथसोनियनच्याच अमेरिकन इतिहासाच्या संग्रहालयात एक लॅटिनो दालन उघडले. नवी इमारत अजून उभी नाही.

आणि आत्ताचे दिवस कठीण आहेत. मे २०२५ मध्ये संघराज्य सरकारच्या नॅशनल एन्डाउमेंट फॉर द आर्ट्सने देशभरातल्या शेकडो संस्थांची मंजूर अनुदाने मागे घेतली. त्याच वसंतात शिकागोची सिंको दे मायो या मेक्सिकन सणाची मिरवणूक आयोजकांनी रद्द केली, कारण इमिग्रेशनच्या कारवाईच्या भीतीने लोक रस्त्यावर येणार नाहीत असे त्यांना वाटले. आपली गणपतीची मिरवणूक अशी भीतीपोटी रद्द झाली तर आपल्याला काय वाटेल, हे मला वेगळे लिहायला नको. शेजाऱ्याचा सण बंद पडतो तेव्हा शेजाऱ्याने विचारपूस करायची असते. आपण ती केली नाही.

आता आपल्याकडे वळतो. आपले मंडळ कायद्याने ना-नफा संस्था आहे. तरीही सार्वजनिक अनुदानाचा विषय निघाला की बैठकीत दोन आक्षेप येतात. एक, सरकारी पैसा म्हणजे राजकारण, आणि ते आपल्याला वर्ज्य. हा गैरसमज आहे. अशा संस्थांना कुठल्याही उमेदवाराचा प्रचार करता येत नाही, तो पूर्ण निषिद्ध आहे; पण आपल्या कामाशी संबंधित कायद्यासाठी, अर्थसंकल्पातल्या तरतुदीसाठी लोकप्रतिनिधींना भेटणे ठरावीक मर्यादेत मान्य आहे. दुसरा आक्षेप, आपले भागते आहे मग हात कशाला पसरायचा. पिल्सनच्या शिक्षकांनी हात पसरला नव्हता. आपण भरलेल्या कराचा हिशेब त्यांनी मागितला. आपणही गेली अनेक दशके इथे कर भरतो आहोत, आणि मराठी नाटक, मराठी शाळा, मराठी ग्रंथसंग्रह हे सारे आजही आपापसांतल्या वर्गणीवर आणि बटाटेवड्याच्या स्टॉलवर चालते. वर्गणी देणाऱ्यांबद्दल मला नितांत आदर आहे. पण वर्गणीवर चाललेली गोष्ट वर्गणी देणाऱ्यांच्या आवडीपुरती राहते, त्यांच्या पिढीपुरती राहते.

कलावंतांच्या मानधनाबद्दल मी अधिक स्पष्ट लिहिणार आहे. पुण्या-मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांना आपण विमानभाडे आणि मानधन देतो, द्यायलाच हवे. इथेच राहणाऱ्या तबलजीला, इथे वाढलेल्या कथक नर्तकीला, इथल्या नाटकाच्या नेपथ्यकाराला मात्र आपण नारळ, शाल आणि टाळ्या देतो. लॅटिनो संस्थांचा सारा जोर याच्या उलट आहे. मेलन आणि फोर्ड या प्रतिष्ठानांच्या मदतीने २०२१ पासून दर वर्षी पंधरा लॅटिनो दृश्यकलावंतांना प्रत्येकी ५० हजार डॉलर दिले जाऊ लागले. इतके पैसे आपल्याकडे नाहीत. पण तत्त्व आपल्याला परवडणारे आहे: वस्तीतला कलावंत जगला तर कला पुढच्या पिढीत जाते.

पिल्सनच्या संग्रहालयाची माझ्या मते सर्वांत धाडसी गोष्ट २००६ ची. त्यांनी मेक्सिकोतल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांवर मोठे प्रदर्शन उभारले. वसाहतकाळात मेक्सिकोत हजारो आफ्रिकी गुलाम आणले गेले, त्यांचे वंशज आजही किनारपट्टीवर आहेत, आणि खुद्द मेक्सिकन समाजाने त्यांचे नाव घेणे टाळले होते. आपल्या समाजाची बाजू मांडणाऱ्या संस्थेने आपल्याच समाजाने झाकलेले पान उघडले. आपल्या मंचावर नाट्यसंगीत होते, भावगीते होतात, लावणीही होते, बहुधा शाळेतल्या मुलींनी बसवलेली. आंबेडकरी जलसा एकदाही झालेला नाही. शाहीर अण्णाभाऊ साठे यांच्या नावाने एक संध्याकाळ झालेली नाही. आपण मराठी संस्कृतीच्या नावाने उभे आहोत, तर तिच्यातला एवढा मोठा आवाज बाहेर ठेवून कसे चालेल?

या सगळ्यावरून एक प्रस्ताव, आपण विसरलेल्या एका मराठी माणसाविषयी. वर्ध्यात जन्मलेले डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या गदर चळवळीतून देशोदेशी भटकत अखेर मेक्सिकोला पोचले. चापिंगोच्या कृषिविद्यालयात त्यांनी शिकवले, मक्याच्या वाणांवर संशोधन केले, शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा काढल्या. छायाचित्रकार तीना मोदोत्ती यांनी त्या शाळांची छायाचित्रे घेतली. मेक्सिकन भित्तिचित्रकार दिएगो रिवेरा यांनी मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर भाकरीच्या वाटपाचे जे चित्र रंगवले, त्यात खानखोजे आहेत. स्वातंत्र्यानंतर ते परतले आणि १९६७ मध्ये नागपुरात वारले. त्यांच्या कन्या सावित्री साहनी यांनी त्यांचे चरित्र लिहिले आहे. मेक्सिकन भित्तिचित्रांच्या सुवर्णकाळात एक मराठी माणूस भिंतीवर उभा आहे, आणि पिल्सनपासून तासाभराच्या अंतरावर राहणाऱ्या आपल्या मुलांना त्याचे नाव माहीत नाही.

पुढच्या वर्षी खानखोज्यांवर एक छोटे फिरते प्रदर्शन आणि एक नाट्यवाचन करावे, तेही मराठी, स्पॅनिश आणि इंग्रजी अशा तीन भाषांत. ते पिल्सनमधल्या एखाद्या संस्थेबरोबर मिळून करावे. जागा, श्रेय आणि खर्च दोघांचा. त्यासाठी मंडळाने राज्याच्या कला अनुदानाला पहिल्यांदाच अर्ज करावा. लेखक, वाचक, चित्रकार, अनुवादक अशा प्रत्येकाचे मानधन अंदाजपत्रकात आधी मांडावे आणि सभागृहाचे भाडे, जेवण त्यानंतर. प्रवेशाला तिकीट ठेवू नये. अर्ज नामंजूर झाला तर कारण विचारावे आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा करावा.

हा ठराव वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे येईल. स्पॅनिश वाचता येणारे, अनुदानाचे अर्ज लिहिलेले, नाटकात काम करणारे सभासद आपल्यात आहेत. त्यांनी सभेआधी कार्यकारिणीला कळवावे. वर्धा-नागपूरकडच्या ज्या घरांत खानखोज्यांच्या आठवणी, पत्रे किंवा कात्रणे असतील, त्यांनी त्यांच्या प्रती काढून ठेवाव्यात. ज्यांचा प्रस्तावाला विरोध आहे, त्यांचे म्हणणे पुढच्या अंकात जसेच्या तसे छापले जाईल.

आपला,
संपादक